जिताड्यासाठी रॉड: टेलिस्कोपिक, फायबर की कार्बन? ५ हजारांच्या आत काय घ्यावं

थोडक्यात सांगायचं तर बजेट ५ हजारांच्या आतलं आहे आणि एकच रॉड रेवदंड्यापासून देवबागपर्यंत कुठल्याही खाडीत चालला पाहिजे असं असेल तर दोन तुकड्यांचा, ८ फुटी, कार्बन आणि ग्लास मिक्स असलेला स्पिनिंग रॉड (रील खाली लटकतं तो) घ्या. का घ्यायचा आणि कुणी घेऊ नये तेवढ्यासाठी पुढचं वाचा.

नेटवर बास रॉड म्हणून शोधलं की बहुतेक व्हिडिओ निघतात ते अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासचे, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, होडीत उभा माणूस, हातात साडेसहा-सात फुटी बेटकास्टर, म्हणजे रील वर बसणारा रॉड. आपला बास म्हणजे जिताडा, खाली सिंधुदुर्गात चोणक, आणि तो बसतो कांदळवनाच्या मुळांत, पुलाच्या खांबाला, खाडीच्या तोंडाशी खडपाला, तेही खाऱ्या नाहीतर मचूळ पाण्यात. लागला की पहिला मुळांकडे पळतो, नाही जमलं तर पाण्याबाहेर उडी मारून डोकं असं झाडतो की गरी सुटलीच. म्हणजे रॉडला दोन उलटी कामं करायची असतात, खालून ताकद पाहिजे मासा वळवायला आणि टोकाला लवचिकपणा पाहिजे ती झटापट सोसायला. शिवाय खारं पाणी कुणाला सोडत नाही ते वेगळंच.

आता टेलिस्कोपिक. रॉड, रील, तंगूस, चार प्लास्टिकचे मासे आणि एक पिशवी असा सगळा सेट दोन हजारांच्या आत येतो म्हणून नवा माणूस हमखास तोच उचलतो, आणि खोटं कशाला बोला, बॅगेत मावतो, एसटीत कुणाच्या डोळ्यात जात नाही, जेट्टीवर बसून जिवंत कोळंबी लावून गरवायचं असेल तर काम भागतं. पण लूर (फेकून ओढायचा खोटा मासा) मारायला लागलात की त्याची गंमत कळते. पाच-सहा तुकडे एकमेकांत सरकणारे, प्रत्येक जोडाशी रॉड कडक, मधे वाकतो, त्यामुळे वाक सलग येतच नाही, आणि दिवसभर मारत राहिलं की तुकडे हळूहळू फिरतात, रिंगा (लाइन ओवायच्या कड्या) एका रेषेत राहत नाहीत, लाइन घासायला लागते. त्यात वाळू. जोडात एकदा बारीक रेती आणि मीठ बसलं की रॉड एकतर बंद होत नाही नाहीतर ऐन मासा लागल्यावर तुकडा आत सरकतो. पोरांसाठी घ्या, प्रवासाला दुसरा म्हणून ठेवा, जिताड्याच्या भरवशाचा मात्र नाही.

सॉलिड फायबर ग्लासचा आखूड रॉड हा दुसऱ्या टोकाचा. मोडत नाही म्हणजे नाहीच मोडत, होडीत पायाखाली आला, खडपावर आपटला तरी काही होत नाही. पण जड असतो, टोकाला काय चाललंय ते हाताला फारसं कळत नाही आणि २० ग्रॅमचा लूर लांब जात नाही. होडीतून गळ सोडून बसणाऱ्याला, तांबोशी-हेकरूवाल्याला तो अगदी बरोबर आहे. तासभर लूर मारून बघा, मनगटच सांगेल.

मग येतो दोन तुकड्यांचा. तीन ते पाच हजारांत साधारण बऱ्या कंपन्यांचे मिळतात, आणि इथे लोक कार्बन किती टक्के ते वाचत बसतात. खरं बघायचं ते मुठीच्या वर छापलेलं असतं, पॉवर (रॉडची ताकद) मिडियम हेवी, ॲक्शन (रॉड कुठून वाकतो ते, फास्ट म्हणजे टोकाकडून) फास्ट किंवा मॉडरेट फास्ट, आणि लूरचं वजन साधारण १० ते ४० ग्रॅम. लूर १५ ते ३० ग्रॅमचे वापरणार असाल तर ते ह्या आकड्यांच्या मधोमध पडतात, म्हणजे रॉड ना उपाशी ना ओव्हरलोड. निव्वळ कार्बनचा हलका असतो, टोकाला शेवाळ लागलं की मासा ते हातात कळतं, पण खडपावर कड आपटली की दिसणार पण नाही अशी चीर पडते आणि मग पुढच्या जोरदार कास्टला खाड्कन मोडतो. ग्लास मिक्स थोडा जड पण ही आपटाआपटी सोसतो. आपल्या किनाऱ्यावर खडप, जेट्टीचं काँक्रीट आणि बाइकची मागची सीट हे धरूनच चालायचं, म्हणून माझं मत मिक्सला.

दुकानात एक काम नक्की करा. खिशात कापसाचा बोळा न्या आणि प्रत्येक रिंगच्या आतून फिरवा. कुठे तंतू अडकला तर आतल्या सिरॅमिकला चीर आहे, म्हणजे तुमची ब्रेड (विणलेल्या धाग्यांची) लाइन तिथेच कापली जाणार आणि तुम्ही दोष देणार लाइनला. मग रिंगची चौकट बघा, स्टेनलेस असेल तर ठीक, नुसता मुलामा असेल तर एका पावसाळ्यात पायाशी तांबडा डाग उठतो. दोन्ही तुकडे जोडून हलवा, जोडात टकटक व्हायला नको. आणि जमलं तर स्वतःचं रील लावून बघा, ४००० साइजचं (मध्यम आकाराचं) लावल्यावर रॉड पुढे लवंडत असेल तर दुकानात हलका वाटलेला रॉड खाडीवर जड होणार.

लांबीबद्दल भांडणं फार होतात. ८ फुटी दोन तुकड्यांत ४ फूट होतो, स्कूटरवर जातो, रेल्वेत वरच्या फळीवर मावतो, जेट्टीवरून आणि पुलाखालून चालतो. खडपावरून लाटेच्या पलीकडे टाकायचं असेल तर ९-१० फूट घ्या, पण मग कांदळवनाच्या फांद्यांखाली तो हलवताच येत नाही. छोट्या होडीतून आत शिरणार असाल तर ७ फूट पुरे.

बेटकास्टरचं एका वाक्यात: अचूक टाकता येतं हे खरं, पण वाऱ्याच्या तोंडावर हलका लूर मारला की स्पूलवर गुंता होतो आणि भरती निघून जाते तरी तो सुटत नाही, तेव्हा पहिला रॉड म्हणून नको. दहा हजारांच्या पुढचे रॉड वाईट नाहीत, हलके असतात, दिवसभर हात दुखत नाही, पण आठवड्याला एकदा जाणाऱ्याला तो फरक पैशाएवढा जाणवत नाही.

त्यापेक्षा उरलेले पैसे रील आणि लाइनमध्ये घाला. ब्रेड २० पौंडी, म्हणजे साधारण ९ किलोची, मुळांजवळ मारणार असाल तर ३०, आणि पुढे ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (लाइनच्या टोकाला बांधायचा जाड तुकडा) दोन-तीन फूट, कारण जिताड्याच्या गालफडाची कड पातळ लाइन सहज कापते. रीलचा ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाइन सोडणारा ब्रेक) लाइनच्या ताकदीच्या पाव भागावर ठेवा, २० पौंडीला सव्वा दोन किलोच्या आसपास, मग रॉडवर उगाच ताण येत नाही. आणि मासा जेट्टीवर ओढताना रॉडने उचलू नका, बहुतेक रॉड तिथेच मोडतात, मासा लागल्यावर नाही. लांब दांड्याची जाळी ठेवा. ह्या जातीत मासे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात, तेव्हा फार मोठा आला तर फोटो काढून सोडायचा विचार करा, घरच्यांची समजूत नंतर घालता येईल.

कार्बनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, कार्बनमधून वीज वाहते. मे अखेरचे वळीव आणि ऑक्टोबरचे ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून किनारा सोडा, आणि खाडीवरून गेलेल्या विजेच्या तारांखाली तर कधीच कास्ट करू नका. घरी आलं की रॉड साध्या गोड्या पाण्याने धुवा, जोड वेगळे करून सावलीत वाळवा, रील सीटचा (रील बसतं त्या पकडीचा) आटा ढिला करून ठेवा, नाहीतर मीठ बसून तो अडकतो.

आणि सगळं मिळून दोन हजारच असतील तर सेट घेऊ नका. साधा दोन तुकड्यांचा ग्लास रॉड घ्या, पोकळ असला तरी चालेल, लांबी ७ फूट, रिंगा बोळा फिरवून तपासा, रील कुणाचं जुनं मिळालं तर बघा आणि त्यावर चांगली लाइन भरा. तीन हजार जमले की रॉड बदला, रील आणि लाइन तीच चालेल.