कमी बजेटमध्ये आरसी हेलिकॉप्टर: कुठे पैसे घालायचे, कुठे वाचवायचे

आरसी (रेडिओ कंट्रोलचं) हेली घ्यायचंय, बजेट कमी आहे, कोणतं घेऊ? हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सगळं नीट लिहून काढतो. सुरुवातीलाच सांगतो, खोक्यावरची किंमत बघून हेली निवडू नका. पडल्यावर त्याचं काय मोडतं आणि ते परत उभं करायला किती खर्च आणि किती वेळ जातो, ते बघून निवडा. शिकताना हेली पडतंच, सगळ्यांचं पडतं, आणि स्वस्त कुठलं महाग कुठलं ते खरं दुसऱ्या महिन्यात कळतं, जेव्हा स्पेअर पार्ट्सची चौथी ऑर्डर टाकायची वेळ येते.

आधी बाजारात काय काय असतं ते बघू.

कोअॅक्सिअल म्हणजे एकावर एक दोन पंखे, उलटसुलट फिरणारे. दोघांचा टॉर्क, म्हणजे हेलीला उलटं फिरवणारा जोर, एकमेकांना मारतो म्हणून शेपटी सांभाळावी लागत नाही, स्टिक सोडली तरी बऱ्यापैकी जागच्या जागी तरंगतं. सायमा एस 107 हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं, इन्फ्रारेडवर चालतं, त्यामुळे उन्हात सिग्नल नीट पोचत नाही. लहान मुलांना द्यायला छान आहे. पण यावर हात बसवून पुढे मोठं हेली उडवू असा विचार असेल तर तसं होत नाही, कारण त्याला डावीउजवीकडे सरकवायचा कंट्रोलच नाहीये, आणि हेली शिकणं म्हणजे तर मुख्य तेच, चारी बाजूंनी घसरत राहणारी वस्तू एका जागी धरून ठेवणं.

फिक्स्ड पिच म्हणजे एकच मुख्य पंखा, पात्यांचा कोन कायम, वर जायचं तर पंखा जोरात फिरवायचा आणि खाली यायचं तर हळू. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही 911 एस हे यातलं नेहमीचं नाव. चार चॅनल (म्हणजे चार वेगवेगळे कंट्रोल), छोटीशी बॅटरी, घरात उडतं, भिंतीवर आपटलं तरी सहसा काही होत नाही. पंख्याचा वेग बदलायला वेळ लागतो त्यामुळे थ्रॉटल (पंख्याचा जोर) दिला की जरा उशिराने वर जातं, आणि बाहेर वारा असला की फार हलकं असल्यामुळे वाहूनच जातं. पण चारही कंट्रोल खरे आहेत, म्हणजे इथे जे शिकाल ते वाया जात नाही.

कलेक्टिव्ह पिच, म्हणजे ज्याला सगळे सीपी म्हणतात, त्यात पंखा साधारण एकाच वेगाने फिरत राहतो आणि वर-खाली होतं ते पात्यांचा कोन बदलून. प्रतिसाद लगेच मिळतो, वाऱ्यात तग धरतं, उलटं पण उडतं. छोट्यात एक्सके के 110, ब्लेड नॅनो सारखी मॉडेल्स, मधल्यात ओएमपी हॉबीचं एम 1 आणि एम 2, गूस्कीचं एस 2, आणि मग 450 साइझ, ज्याची ओळख अलाइनच्या टी-रेक्स 450 ने करून दिली आणि त्याच मापाची स्वस्त किट्स नंतर टॅरो वगैरेंनी काढली. त्यांचे बरेचसे पार्ट्स एकमेकांना चालतात, हा 450 चा मोठा फायदा.

आता खरी तुलना. समजा यातलं प्रत्येक हेली कमरेएवढ्या उंचीवरून आडवं पडलं, पंखा फिरत असताना, जमीन कडक आहे, आणि घाबरून तुम्ही थ्रॉटल बंद करायला अर्धा सेकंद उशीर केलात. काय होईल?

व्ही 911 एस उचलायचं, धूळ झटकायची, परत उडवायचं. फार तर पातं बदलावं लागेल.

के 110 चं बहुतेक वेळा तसंच, वजन शंभर ग्रॅमच्या आतलं आहे त्यामुळे आपटण्यात जोरच नसतो. कधी पातं जातं, कधी मेन गिअरचे दात, कधी फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पात्यांना धरणारा आडवा दांडा) किंचित वाकतो आणि मग हवेत हेली थरथरायला लागतं. हे सगळं बदलायला एक बारीक स्क्रूड्रायव्हर आणि वीस मिनिटं पुरतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, याची मुख्य मोटर ब्रशलेस आहे पण शेपटीची ब्रश्ड, म्हणजे आत ब्रश घासत चालणारी, आणि छोट्या ब्रश्ड मोटरी वापरून झिजतात, क्रॅश न होता पण. शेपटी अचानक धरेनाशी झाली, हेली स्वतःभोवती फिरायला लागलं, तर आधी ती मोटर बघायची. एक जास्तीची आणूनच ठेवा.

एम 2 किंवा एस 2 मध्ये मोटर थेट शाफ्टवर बसवलेली असते, शेपटीला पण स्वतःची मोटर. म्हणजे मेन गिअर नाही, बेल्ट नाही, दात तुटायचा प्रश्नच नाही. पडलं की पाती, फेदरिंग शाफ्ट, मेन शाफ्ट, कधी लँडिंग गिअर, कधी सर्वोचे (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) गिअर. पार्ट महाग वाटतो एकेक, पण मोजकेच मोडतात आणि परत जुळवताना डोकं कमी लागतं. मला विचाराल तर ज्याला थोडं थांबून पैसे साठवता येतील त्याच्यासाठी आजच्या घडीला ही सगळ्यात समाधानाची साइझ आहे, अंगणात पण उडतं, मैदानात पण बरं दिसतं.

आणि 450. इथे तुमचा दिवस गेला. दोन्ही पाती गेली, फेदरिंग शाफ्ट वाकला, मेन शाफ्ट वाकला, मेन गिअरचे दात गेले, पात्याने शेपटीची नळी मारली म्हणून ती गेली, आणि एखाद्या सर्वोचा गिअर आतून कुरकुर करतोय तो पुढच्या वेळी कळेल. एकेक पार्ट क्लोनचा घेतला तर खरंच स्वस्त आहे, पण हे सगळं एका पडण्यात जातं, आणि परत जुळवायचं म्हणजे स्वॅशप्लेट (सर्वोची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारी चकती) सरळ करणं, पिच मोजणं, पात्यांचं ट्रॅकिंग (दोन्ही एकाच पातळीत फिरतायत ना ते जुळवणं), संध्याकाळ तिथेच संपते. टॉर्क ट्यूबवाली, म्हणजे बेल्टऐवजी दांडा आणि गिअरने फिरणारी शेपटी दिसायला भारी असते पण पात्याने जमीन पकडली की तिचे गिअर दळले जातात, बेल्टवाली शेपटी तोच झटका बऱ्याचदा सोसते, म्हणून शिकणाऱ्याने 450 घ्यायचंच ठरवलं असेल तर बेल्टवालं घ्यावं.

अजून एक हिशोब करून बघा. 450 ची पाती 325 मिलिमीटरची, म्हणजे फिरताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 70 सेंटिमीटर. मिनिटाला 2500 फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी 300 किलोमीटरच्या वर धावतं. हे घरात नाही, गच्चीवर नाही, लोकांच्या जवळ अजिबात नाही. के 110 ने बोटाला लागलं तर ओरखडा येईल, 450 ने लागलं तर हॉस्पिटल. पहिलं हेली म्हणून 450 घेऊ नका असं मी म्हणतो त्यात पैशापेक्षा हे कारण मोठं आहे.

मग पहिलं कोणतं? अजिबात कधीच काही उडवलं नसेल आणि खात्री नसेल की आवडेल की नाही, तर व्ही 911 एस. आवडणार हे माहीत असेल तर सरळ के 110 सारखं छोटं सीपी, त्यात सहा अक्षांचा मोड पण असतो जो हेली आपोआप सरळ करतो. पण त्या मोडमध्ये फार दिवस राहू नका, स्टिक सोडली की सरळ होणाऱ्या हेलीची सवय लागली की नंतर मोडावी लागते.

आता रेडिओ, म्हणजे ट्रान्समीटर. इथे बहुतेक जण चुकतात आणि मी पण चुकलोय. खोक्यात सगळं येतं तसला सेट घेतला होता, रेडिओसकट, तेव्हा वाटलं केवढा फायदा झाला. दुसरं हेली घेतलं तेव्हा कळलं की तो रेडिओ त्या एका हेलीशिवाय कशालाच जोडला जात नाही. म्हणजे फुकट म्हणून आलेला रेडिओ खरं तर पैसे देऊनच आला होता आणि पुढे निरुपयोगी.

हेली मोडतं, बदलतं, विकलं जातं, रेडिओ दहा वर्षं राहतो. म्हणून पैसे इथे घाला. दोन पर्याय समोरासमोर ठेवतो.

फ्लायस्काय एफएस-आय 6 स्वस्त, सहा चॅनल, वीस मॉडेल्स लक्षात ठेवतो, हेलीचा मोड आहे, पिच कर्व्ह, थ्रॉटल कर्व्ह (स्टिक कुठे असताना पात्याचा कोन आणि मोटरचा जोर किती ते ठरवणं), थ्रॉटल होल्ड (मोटर झटकन बंद करायचं बटण) सगळं आहे. 450 साठी स्वतः रिसिव्हर (हेलीतला सिग्नल पकडणारा भाग) लावणार असाल तर सहा चॅनल पुरतात. पण तो बोलतो फक्त फ्लायस्कायची भाषा. के 110 चालतं फुटाबाच्या एस-एफएचएसएसवर, ब्लेडची हेली स्पेक्ट्रमच्या डीएसएमएक्सवर, ती याला जोडता येत नाहीत, कारण त्यांचा रिसिव्हर बोर्डातच बसवलेला असतो, बदलता येत नाही.

दुसरा पर्याय एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, उदाहरणार्थ रेडिओमास्टरचा, आणि घेताना 4 इन 1 मल्टीप्रोटोकॉल (अनेक कंपन्यांच्या भाषा बोलणाऱ्या) मॉड्यूलवाला मागायचा. त्यात चार वेगवेगळ्या चिप असतात, म्हणून फ्लायस्काय, फुटाबाचं एस-एफएचएसएस, स्पेक्ट्रम, खेळण्यातली बरीचशी हेली, सगळं एकाच रेडिओवर. हाच रेडिओ ईएलआरएस (अजून एक वेगळी भाषा) व्हर्जनमध्ये पण मिळतो आणि लोक गडबडीत तो उचलतात, ड्रोनवाल्यांसाठी ते उत्तम आहे पण तयार छोटी हेली त्यावर जोडली जात नाहीत, तेव्हा ऑर्डर टाकण्याआधी व्हर्जन दोनदा वाचा. सेटिंग सुरुवातीला किचकट वाटतं, मेनू खूप आहेत, एक आठवडा द्यावा लागतो. तरी माझं मत स्पष्ट आहे, फरक परवडत असेल तर हाच घ्या, आणि परवडत नसेल तर हेली एक महिना उशिरा घ्या पण रेडिओ हा घ्या.

एक महिना काय करायचं? सिम्युलेटर. एजटीएक्सवाला रेडिओ साध्या यूएसबी केबलने कॉम्प्युटरला लावला की जॉयस्टिक म्हणून ओळखला जातो, एफएस-आय 6 ला वेगळी केबल लागते. रिअलफ्लाइट, नेक्स्ट, हेली-एक्स, अॅक्युआरसी असे बरेच आहेत, ग्राफिक्समध्ये अडकू नका, जो तुमच्या कॉम्प्युटरवर न अडखळता चालतो तो घ्या. आणि त्यात लूप मारत बसू नका प्लीज, आधी शेपटी आपल्याकडे ठेवून एका जागी हॉवर, मग डावी बाजू, उजवी बाजू, मग तोंड आपल्याकडे. तोंड आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं आणि हातांना ते शिकायला आठवडे लागतात, ते आठवडे सिम्युलेटरवर गेले तर एकही पातं मोडत नाही. मोड 1 की मोड 2 (कोणत्या स्टिकवर कोणता कंट्रोल) हे पण इथेच ठरवा, तुमच्या आसपास जो कोणी शिकवणारा असेल त्याचा मोड तोच तुमचा, म्हणजे अडचणीच्या वेळी तो रेडिओ हातात घेऊ शकतो.

चार्जर आणि बॅटरी. हेलीसोबत येणारा यूएसबी चार्जर हळू असतो, एका वेळी एकच बॅटरी, आणि छोटं हेली पाच-सहा मिनिटांत बॅटरी संपवतं. एकच बॅटरी असेल तर पाच मिनिटं उडवा आणि तास बसून राहा, हौस अशीच मरते. चार-पाच बॅटऱ्या आणि सगळ्या एकदम चार्ज करणारा छोटा चार्जर, हा खर्च अपग्रेडच्या धातूच्या पार्ट्सआधी करा. (धातूचे रंगीत पार्ट्स छोट्या हेलीला तर लावूच नका, वजन वाढतं आणि जिथे प्लास्टिक वाकून सुटलं असतं तिथे शाफ्ट वाकतो.)

मोठ्या हेलीला बॅलन्स चार्जर (बॅटरीतला प्रत्येक सेल सारखा भरणारा) लागतोच, बी 6 धाटणीचा साधा पण चालतो. नवीन आणला की एकदा मल्टिमीटरने प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजून चार्जरच्या आकड्याशी ताडून बघा, सेल भरल्यावर 4.2 च्या वर जाता कामा नये. 1 सी ने चार्ज करा, म्हणजे 2200 एमएएच ची बॅटरी 2.2 अँपिअरने. उडवताना ऐंशी टक्के वापरून झाले की थांबा, त्या बॅटरीतून 1760 एमएएच वापरले की उतरायचं, रेडिओला टायमर लावून ठेवा. काही दिवस उडवणार नसाल तर सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवून द्या, भरून ठेवलेली लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लवकर खराब होते, फुगू शकते. फुगली तर तिचं आयुष्य संपलं, ती परत चार्ज करून बघायची नाही. आणि चार्जिंग सुरू असताना खोलीतून निघून जायचं नाही. सगळीकडे काटकसर करा पण या बाबतीत अजिबात नको.

हत्यारांमध्ये दोन-तीन चांगले हेक्स ड्रायव्हर, 1.5 आणि 2 मिलिमीटरचे, पुरे. स्वस्तातले मऊ असतात, स्क्रूचं डोकं गोल करून टाकतात आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल न होऊ देणारा गोंद) लावा, प्लास्टिकला लावू नका, तडे जातात. पिच गेज (पात्याचा कोन मोजायचं साधन) 450 घेतलंत तरच.

सेकंड हँड घ्यावं का? रेडिओ खुशाल घ्या, गिम्बल (स्टिकचे सांधे) सगळीकडे फिरवून बघा, स्क्रीनवर आकडे उड्या मारत नसले की झालं. बॅटऱ्या सेकंड हँड कधीच नाही. हेली घेताना बॅटरी काढून पंखा हाताने हळूहळू फिरवा, कुठे अडकतंय का, कुरकुरतंय का. सर्वोचा हात बोटाने हळूच पूर्ण फिरवा, एकाच जागी खटका लागला तर आतला दात गेलाय. मेन शाफ्ट काढून देत असतील तर सपाट काचेवर गडगडवा, वाकडा असेल तर काच आणि शाफ्टमधून उजेडाची फट दिसते. आणि विकणाऱ्याला सांगा, उडवून दाखव. कुठलंही कारण सांगून टाळलं तर त्या हेलीची किंमत फक्त त्यातल्या पार्ट्सएवढी धरा.