‘ब्लॅक ब्यूटी’ (संपूर्ण आवृत्ती) : काही महिने रोज रात्री मोठ्याने वाचल्यावर

पावसाळ्यापासून आमच्याकडे झोपायच्या आधी ॲना सुएलचं ‘ब्लॅक ब्यूटी’ वाचणं चालू आहे. एकदा पूर्ण झालं, आता लेकीच्या हट्टाने दुसरी फेरी.

आधीच सांगते, संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. आमच्याकडे होती, तिच्यात लंडनच्या भाड्याच्या घोडागाड्यांचा भाग भराभर उरकला होता, आणि पुस्तकाचा जीव तर तिथेच आहे. मूळ पुस्तकात ४९ प्रकरणं आहेत, पण बहुतेक छोटी.

१८७७ साली आलेल्या या पुस्तकात घोडा स्वतःची कहाणी सांगतो. त्याआधी १८६५ मध्ये आलेल्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये प्राणी ॲलिसशी सरळ बोलतात. इथे घोडे फक्त आपसांत बोलतात. मालकिणीला त्यातलं अक्षरही कळत नाही. कळतं ते ऐकणाऱ्या मुलाला, आणि म्हणूनच ते अस्वस्थ होतं. बग्गीचे घोडे ऐटबाज दिसावेत म्हणून तेव्हा जादा लगाम लावून त्यांची मान वर ताणून ठेवत. चढावर घोड्याला मान पुढे टाकून जोर लावायचा असतो. ते जमलं नाही की सगळा ताण पाठीवर आणि पायांवर येतो. ब्यूटी हे इतकं नीट समजावतो की लेक मान मागे टाकून घरभर चालून आली आणि म्हणाली, “असं कोण चढेल?”

लहानपणी पायाला दुखापत झाल्याने सुएलला चालणं अवघड होतं, तिचं जाणंयेणं घोडागाडीवर अवलंबून होतं. हे बारकावे तिथूनच आले असणार.

मला सर्वांत आवडला तो सीडी सॅमचा प्रसंग. हा गाडीवाला घोड्यांना दमेपर्यंत पळवतो. पण गाडी आणि दोन घोड्यांचे रोज १८ शिलिंग मालकाला भरल्याशिवाय त्याच्या हाती काहीच पडत नाही. सुएल त्यालाही बोलू देते! इतकी न्यायबुद्धी मुलांच्या पुस्तकात फार कमी दिसते.

दारू आणि रविवारच्या सुट्टीवरची प्रवचनं लांबतात, ती मी आटोपती घेते. आमच्या प्रतीत साजाची चित्रं नाहीत, ती हवी होती.

जिंजर घोडीच्या शेवटाचं प्रकरण मात्र रात्री वाचू नका. गाडीवरून नेलेलं मेलेलं तांबूस जनावर तीच असावं, म्हणजे तिचे हाल तरी संपले, असं ब्यूटीला वाटतं. ते दिवसाउजेडी वाचा आणि नंतर बोलायला वेळ ठेवा.