स्टॅच्यू ऑफ लिबर्टी बघायला जाताय? बॅटरी पार्कच्या जॅकेटवाल्यांपासून सांभाळून!

आम्ही न्यूयॉर्कच्या शेजारी जर्सी सिटीला राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात देशातून कोणी आलं की पुतळा दाखवणं ठरलेलंच. यंदा आईबाबा आले होते. बॅटरी पार्कजवळच्या बोलिंग ग्रीन सबवे स्टेशनातून वर आलो तर जिन्याच्या तोंडाशीच एकजण आडवा आला, अंगात भडक जॅकेट, पाठीवर ऑथराइज्ड छापलेलं, गळ्यात आयकार्ड, हातात नकाशा, कोणालाही वाटावं सरकारी माणूस. म्हणे खिडकीवरची आजची तिकिटं संपली, लाइन तीन तासांची आहे, आमची पुतळ्याच्या बेटावर जाणारी बोट लगेच सुटतेय. बाबा कठड्याला टेकून गुडघा चोळत होते ते त्याने बरोबर हेरलं आणि सीनियर डिस्काउंट काढला! डिस्काउंट धरून माणशी ६० डॉलर.

मग दुसऱ्याच माणसाने बसमध्ये कोंबून भलत्याच धक्क्यावर नेलं. बोट पुतळ्यासमोर पाच मिनिटं थांबली, लोकांनी फोटो काढले आणि आली तशी परत फिरली. आई पर्स सावरून उभी, "अगं, उतरायचं कधी?"

घरी येऊन पावती नीट वाचली, त्यावर बारीक अक्षरात हार्बर साइटसीइंग क्रूझ, नो रिफंड. त्या पठ्ठ्याने तोंडाने बेट बेट म्हटलं होतं, कागदावर बेटाचं नावच नाही. कार्डाच्या बँकेकडे डिस्प्यूट टाकला तर उत्तर आलं की सर्व्हिस मिळालेली आहे. बरोबरच आहे, बोटीत तर बसवलं ना!

तर बेटावर उतरवणारी बोट एकाच कंपनीची असते, स्टॅच्यू सिटी क्रूझेस, नॅशनल पार्क सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने नेमलेली. तिकीट त्यांच्या साइटवर, नाहीतर बॅटरी पार्कातच कॅसल क्लिंटन म्हणून जुना गोल किल्ला आहे तिथल्या खिडकीवर, साधारण २५ डॉलरला, त्यातच शेजारचं एलिस आयलंड बेटही होतं. बेटाला वेगळी एन्ट्री फी नाहीच. फक्त वर मुकुटात जायचं असेल तर बरंच आधी बुक करावं लागतं, आणि शेवटच्या १६२ पायऱ्यांना लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी नाद सोडा. जर्सीकरांनी तर मॅनहॅटनला जाऊच नये, लिबर्टी स्टेट पार्कातून ह्याच कंपनीची बोट सुटते.

आणि नुसता लांबूनच बघायचा असेल तर केशरी स्टेटन आयलंड फेरी आहे, १९९७ पासून फुकट. हे लोक तिचंही तिकीट विकतात, काय बोलायचं!

रस्त्यावर कोणी काहीही दाखवलं तरी एक खूण लक्षात ठेवा, बेटाच्या बोटीत चढायच्या आधी एअरपोर्टसारखं सिक्युरिटी चेकिंग होतं, बेल्ट पण काढायला लावतात. आमच्या बोटीवर आईच्या पिशवीत काय आहे हे कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.