कोरायचा भोपळा: लाल की वाळका?

ऑक्टोबर लागला की आमच्या सोसायटीतल्या मुलांना भोपळ्याचा दिवा हवा असतो. 31 तारखेचं हॅलोविन तर असतंच, शिवाय दिवाळीही मागेपुढे असते, त्यामुळे दिवा वाया जात नाही. मी दोन्ही प्रकार करून पाहिलेत. मंडईतला लाल भोपळा कोरला आणि वाळका कडू भोपळाही, म्हणजे ज्याचे मिरजेत तंबोरे होतात त्या जातीचा.

लाल भोपळ्याबाबत आधी एक गैरसमज काढून टाका. फोटोत दिसतो तो अमेरिकन भोपळा पातळ सालीचा आणि आतून पोकळ असतो. आपलं डांगर त्याच कुळातलं, पण जात वेगळी. गर जाड, पोकळी लहान, हाताला लागतो दगडासारखा. मंडईत बहुतेक फोडीच विकायला असतात, अख्खा मागावा लागतो. मी बसक्या बुडाचा, देठ शाबूत असलेला, साडेचार किलोचा आणला. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने पहिल्यांदा चिरायचा नाही, म्हणून सासूबाईंनी ह्यांना बोलावलं. ह्यांनी सुरी खुपसली आणि ती तिथेच अडकली. पुढचं सगळं मीच केलं!

झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा. मी पहिल्या वेळी सरळ कापलं आणि झाकण टुपकन आत पडलं. बिया आणि धागे लोखंडी चमच्याने निघतात, पण खरी मेहनत पुढे आहे. जिथे चेहरा कोरायचा ती बाजू आतून खरवडत इंचभर जाडीवर आणायची, नाहीतर उजेड बाहेर येतच नाही. बारीक कापायला हॅकसॉचं पान एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून वापरलं, सुरीपेक्षा ते कह्यात राहतं. डोळे-दात आरपार कापायचे नसतील तर नुसती साल तासून नक्षी काढा. जाड गराला हेच जास्त शोभतं, आणि मुलांच्या हातात सुरी द्यावी लागत नाही. त्यांना चित्रकलेत लिनोलियमचे ठसे कोरायची छोटी पटाशी पुरते, अर्थात शेजारी बसून.

आत मेणबत्ती लावणार असाल तर झाकणाला भोक हवंच, नाहीतर वरचा गर भाजून मऊ पडतो. मी आता सेलवरचा दिवा ठेवते. पुण्यातल्या ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात कोरलेला भोपळा दोन दिवस नीट राहतो. तिसऱ्या दिवशी तोंड आत ओढलं जातं, चिलटं येतात. कडांना व्हॅसलीन लावलं तर सुकणं जरा लांबतं, कुजणं नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच कोरायचा. खरवडलेला ताजा गर मात्र लगेच किसून गुळात शिजवला आणि त्याचे घारगे तळले. तेवढ्यापुरता तरी खर्च वसूल.

वाळका भोपळा म्हणजे उलटा व्यवहार. तो वर्षानुवर्षं टिकतो, पण आज ठरवून उद्या होत नाही. भाजीचा कोवळा दुधी वाळत घातला तर सुरकुततो आणि कुजतो. फळ वेलावरच जून व्हावं लागतं, देठ सुकल्यावर काढून काही महिने हवेशीर टांगायचं. आत बिया खुळखुळल्या की तयार. वर काळी बुरशी चढलेली असते, तिला घाबरू नका, भिजवून तारेच्या घासणीने घासली की खालची टणक साल दिसते. ही साल लाकडासारखीच, तिला बारीक करवत आणि ड्रिल लागतं. कापताना मास्क बांधाच, आतली धूळ घशाला झोंबते. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये अशाच तुंब्यांवर तापलेल्या लोखंडाने नक्षी डागतात. ड्रिलने पाडलेल्या भोकांतून भिंतीवर उजेडाचे ठिपके पडतात ते पाहण्यासारखं असतं, लाल भोपळ्याला ते जमत नाही. फक्त आत पणती ठेवू नका, साल पेट घेऊ शकते.

हाताशी एकच संध्याकाळ आणि घरात मुलं असतील, तर लाल भोपळा. बाल्कनीत कायमचा दिवा हवा असेल आणि धीर असेल, तर वाळका. दोन्हींचा कंटाळा असेल तर प्लास्टिकचे मिळतातच, पण त्यात कोरण्याची गंमत कुठली?

यंदा गच्चीवर वेल लावलाय, दोन फळं धरलीत. सासूबाई रोज विचारतात, "काढू का गं भाजीला?"

"कडू आहेत, आई."