हप्त्याच्या दिवशी पैसे कमी पडले तर: ऑटो-स्वीप की एफडीवर ओव्हरड्राफ्ट?

पगार १० तारखेला, हप्ता ५ तारखेला आणि खात्यात बारा हजार कमी. अशा वेळी आपल्याकडची बँक साध्या बचत खात्यावर सहसा पदरचे पैसे घालत नाही, हप्ता सरळ परत पाठवते. मग दोन्हीकडून कात्री लागते: एक दंड तुमची बँक घेते, दुसरा कर्ज देणारी कंपनी, आणि वर जिथे लागू असेल तिथे जीएसटी. प्रत्येकी ५०० रुपये धरले तरी हजार रुपये गेले. कंपनीने तोच हप्ता काही दिवसांनी पुन्हा लावला आणि तेव्हाही खातं रिकामं असलं, तर बँकेचा दंड पुन्हा बसतो. उशिराची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये जाऊ शकते, ती वेगळीच. ‘रविवार आहे, सोमवारी सकाळी भरू’ हा हिशेबही आता चालत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप वळते करणारी यंत्रणा, सुट्टीच्या दिवशीही सुरू असते.

तुमची मुदत ठेव असेल तर यावर दोन उपाय आहेत. दोन्ही त्याच ठेवीच्या आधारावर चालतात, पण वागतात अगदी वेगळे.

ऑटो-स्वीपमध्ये खातं आणि ठेव जोडलेली असतात. पैसे कमी पडले की बँक ठेवीतली तेवढीच रक्कम, बहुधा हजाराच्या पटीत, आपोआप मोडते आणि हप्ता जातो. तुम्हाला काही करावं लागत नाही, परतफेडही नसते. नुकसान होतं ते व्याजात. समजा, ७ टक्क्यांची ठेव दहा महिने चालली आहे आणि मोडल्यावर त्या काळाचा दर दंड वजा जाता ५.५ टक्के मिळाला, तर १२,००० रुपयांवर साधारण १५० रुपये बुडाले. बऱ्याच योजनांत सर्वांत नवी ठेव आधी मोडतात, तेव्हा हा फटका आणखी कमी बसतो.

ओव्हरड्राफ्ट म्हणजे ठेव तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेकडून हवे तेव्हा उचलायचे पैसे. यात ठेव शाबूत राहते. तिच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागतं, तेही फक्त वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतं. १२,००० रुपये पाच दिवस ८ टक्क्यांनी वापरले तर व्याज होतं सुमारे १३ रुपये, आणि तिकडे ठेवीचे ७ टक्के चालूच असतात. आकड्यांत हा पर्याय सरळ जिंकतो.

मात्र एक मेख आहे. अनेक बँकांत हा ओव्हरड्राफ्ट म्हणजे वेगळं खातं असतं. हप्ता वळता होतो बचत खात्यातून, मर्यादा पडून असते दुसरीकडे. आदल्या दिवशी तुम्ही स्वतः पैसे वळवले नाहीत, तर लाखाची मर्यादा असूनही हप्ता बाउन्स होतो.

म्हणून माझं मत असं: तारखा लक्षात ठेवून ॲप उघडणाऱ्या माणसाने ओव्हरड्राफ्ट घ्यावा. घरात आई-वडिलांचं खातं असेल, किंवा कामाच्या धबडग्यात तारीख निसटत असेल, तर ऑटो-स्वीपच बरं. दीडशे रुपयांचं व्याज गेलं तरी चालेल, पण हप्ता परत जायला नको.

पगारावर मिळणारा ओव्हरड्राफ्ट मी शेवटी ठेवतो. ठेव लागत नाही खरी, पण व्याज वैयक्तिक कर्जाच्या तोडीचं असतं, वर प्रक्रिया शुल्क, आणि ‘फक्त या महिन्यापुरतं’ म्हणत ती रक्कम वर्षभर रेंगाळते. जनधन खातेदारांना मात्र १०,००० रुपयांपर्यंतच्या ओव्हरड्राफ्टची सोय आहे. ती खातं नीट चालवणाऱ्या, पात्र खातेदारालाच मिळते.

दरमहा पाच-सहा दिवसांचीच तफावत पडत असेल तर यातलं काहीच घेऊ नका. आधी कर्ज देणाऱ्याकडे हप्त्याची तारीख पगारानंतर सरकवून मागा. तेवढं जमलं नाही तर बँकेत जा आणि अर्जावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: हप्ता लागला की पैसे आपोआप येतील का, आणि ठेव मोडली तर कोणती आधी मोडेल.