आमचा नवा कन्सिस्टोमीटर, दीड वर्षानंतर

तेलविहिरीच्या सिमेंटच्या लॅबमध्ये आहे मी. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे नवा हाय प्रेशर कन्सिस्टोमीटर (सिमेंट किती वेळात घट्ट होतं ते बघायचं मशीन) आला, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केसिंग म्हणजे विहिरीत उतरवलेला पोलादी पाइप, तो आणि खडकाच्या मधल्या फटीत सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं सिमेंट, पंप करतात, ती पाइपातून तळाला जाऊन बाहेरून वर चढेपर्यंत पातळ राहिली पाहिजे, मधेच आवळली तर केसिंगमध्येच दगड, मग बसा ड्रिल करत. म्हणून खालचं तापमान आणि प्रेशर आधी लॅबमध्ये द्यायचं. स्लरीचा कप मिनिटाला १५० फेरे फिरतो, आतलं पॅडल जागेवर, त्याच्यावर जेवढा जोर येतो तेवढे बेअर्डन युनिट, म्हणजे घट्टपणाचं माप. ७० च्या वर पंप करायचं नाव काढू नका.

मशीन कामाला चोख आहे हे मान्य. एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) क्लास जी या तेलविहिरीच्या सिमेंटची टेस्ट म्हणजे ४४ टक्के पाणी, २८ मिनिटांत ५२ डिग्री आणि ५१६० पीएसआय प्रेशर, मग ९० ते १२० मिनिटांत १०० युनिट यायला हवेत. एकाच बॅचचं सिमेंट तीनदा लावलं, १०४, १०७, १०५ मिनिटं. जुन्या मशीनवर असं कधी आलं नव्हतं, खरंच खूश झालो.

पण सॉफ्टवेअर! रात्री लांब टेस्ट लावली, पाच मिनिटं लाइट गेली, स्क्रीन परत चालू झाली पण अलार्म नाही. सकाळी कप उघडला तर शाफ्टसकट सगळं एकजीव, दोन तास छिन्नी-हातोडा. सर्व्हिसवाला फोनवर म्हणे, "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा." अरे बाबा, सिमेंटला कसं रीस्टार्ट करू?

पॅडलवरचा जोर मोजणारा पोटेन्शिओमीटरही लवकर सरकतो, आम्ही दर महिन्याला वजनं टांगून कॅलिब्रेट करतो, नाहीतर सपाट ग्राफवर भलतेच कोंब फुटतात. आणि नवीन पोरांनो, थर्मोकपलचं (तापमान मोजायच्या तारेचं) नट आधी ढिलं ठेवा, तिथून प्रेशर द्यायचं तेल डोकावलं की हवा निघाली, मगच आवळा, ही गोष्ट मॅन्युअलमध्ये कुठेतरी कोपऱ्यात आहे.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर जादा पोटेन्शिओमीटर, दोन कप आणि यूपीएस पहिल्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या, आमचा स्पेअर यायला सात आठवडे लागले.