जुन्या सायकलचा गंज: फॉइल, ऑक्झॅलिक की नवं क्रोम?

रॉड ब्रेकची (तारेऐवजी सळयांनी लागणाऱ्या ब्रेकची) जुनी काळी सायकल खोलली की हँडल, रिम, क्रँक (पेडलचा दांडा) घरीच घासायचे की प्लेटिंगला, म्हणजे नवा मुलामा द्यायला, टाकायचे, हे भागागणिक ठरवावं लागतं. आधी रॉकेलने ग्रीस उतरवा. मग गंजलेल्या जागी तेल लावून दोन इंचांचा पट्टा घासून पाहा. खाली निळसर चकाकी दिसली तर क्रोम, म्हणजे वरचा चकचकीत मुलामा, शाबूत आहे. पिवळसर झाक म्हणजे क्रोम उडून त्याखालचा निकेलचा थर उघडा पडलाय. पापुद्रे सुटत असतील तर घासण्यात अर्थ नाही.

शाबूत क्रोमला अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरते. ती चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. काळपट लेप सुटतो, तोच पॉलिश करतो. अ‍ॅल्युमिनियम क्रोमहून कितीतरी मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. पॉलिश पेपर मात्र लावू नका. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, पेपर तो खरवडून निकेलपर्यंत जातो.

फॉइल निपलांभोवती (आरे रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटांभोवती) आणि आट्यांमध्ये पोचत नाही. तिथे गंज विरघळवणारं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड: एक लिटर कोमट पाण्याला २० ते ३० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. भाग पूर्ण बुडवा, नाहीतर पाण्याच्या रेषेवर डाग राहतो. दर दोन तासांनी काढून बघा. जास्त वेळ ठेवलं तर पिवळा चिवट थर बसतो, आणि बोअरच्या जड पाण्यात पांढरी पूडही. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच कोरडं करून तेल लावा. उघडं लोखंड बघता बघता तांबूस होतं. हे अ‍ॅसिड विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. अ‍ॅल्युमिनियमचे भाग यात टाकू नका.

व्हिनेगर हाताशी असतं, पण ते गंजाबरोबर खालचं लोखंडही खातं, म्हणून ऑक्झॅलिकच बरं. संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीच नको: त्यातलं हायड्रोक्लोरिक क्रोमच विरघळवतं.

प्लेटिंग सर्वांत देखणं, आणि न परतणारं. जुना मुलामा उतरवून बफिंग (फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करणं), मग निकेल, वर क्रोम. मुलाम्याने खड्डे भरत नाहीत. ते जायचे तर बफिंगमध्ये धातूच उतरवावा लागतो, आणि त्यात रॅले कंपनीच्या सायकलच्या चेनव्हीलमध्ये (पेडलजवळच्या दातेरी चाकात) कोरलेल्या बगळ्यांच्या कडा बोथट होतात. हे बफिंगवाल्याला आधीच बजावून सांगा. रिमसाठी सगळे आरे काढावे लागतात, बहुतेक अशा सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४०, आणि परत चाक सरळ करणं आलंच. रॉड ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या बाजूला घासतं. तिथे खोल खड्डे असतील तर ते रबर खातात. अशा वेळी प्लेटिंगऐवजी दुसरी रिम शोधावी.

सीटच्या स्प्रिंगा प्लेटिंगला देऊ नयेत. अ‍ॅसिड आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं. त्या ब्रशने साफ करून तेल लावा. कॉटर (क्रँक घट्ट बसवणारी पाचर) आणि छर्रे नवेच घ्या.

आमचा कौल: हँडल, मडगार्डचे दांडे, घंटी फॉइलने, नट-बोल्ट ऑक्झॅलिकमध्ये, पापुद्रे सुटलेलं हँडल तेवढं प्लेटिंगला. शेवटी सगळ्यांवर कारचं मेण. कोकणात सायकल ठेवणार असाल तर हे मेण पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा लावा.